बारा टाके

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या पत्नीने ठरवले की आठ दिवस घर सोडून मैत्रिणींबरोबर गोधडी शिवायला जायचे. नदीपलीकडे देवळाच्या धर्मशाळेत एक वृद्धा राहत असे. गोधडी शिवण्यात तिचा हात धरील असे पंचक्रोशीत कुणी नव्हते. तिची शिष्या होऊन राहायचे आणि अकरा वर्षे अर्धवट पडलेली आपली गोधडी पुरी करूनच परतायचे, असा या बाईचा संकल्प होता. त्या गोधडीत तिच्या दिवंगत आईची लुगडी होती.

व्यापारी हसला. "दुकानात शंभर रजया पडल्या आहेत. हवी ती घे. चिंध्या शिवायला नदी कशाला ओलांडायची?"

वाचकहो, हाच प्रश्न आपल्याही मनात आला असेल, तर स्पष्टच सांगतो. पुरुष मंडळी भजनाला, कुस्त्यांना, बैलबाजाराला चार-चार दिवस जातात, तेव्हा हे घरी होणार नाही का, असे त्यांना कुणी विचारीत नाही. आणि ही गोधडी घरी होण्यासारखी असती तर अकरा वर्षे रखडली नसती. सुईत दोरा ओवला की हाक येई आणि ही उठे. मैत्रिणी तिला भित्री भागूबाई म्हणत. ती हसून सोडून देई, पण ते तिला लागे.

धर्मशाळेत गोधडी अंथरली गेली. तीन बाजूंना तीन मैत्रिणी बसल्या, चौथीला शिष्या आणि तिच्या शेजारी वृद्धा. काठापासून धावदोरा घालत घालत सर्वांनी मध्याकडे सरकायचे, अशी रीत होती. पहिल्याच दिवशी शिष्येने नवशिक्यांची ठरलेली चूक केली. मांडीवर पडलेला सुटा पदर तिने गोधडीलाच शिवून टाकला, आणि ते कळले उठायला गेली तेव्हा. मैत्रिणी हसून हसून बेजार झाल्या.

"पदर खोचून बसत जा," वृद्धा म्हणाली. "नाहीतर गोधडीच तुला पांघरून घ्यायची."

त्या दिवसापासून शिष्या पदर खोचून बसू लागली.

पाचव्या दिवशी दुपारी व्यापारी स्वतःच गाडी जुंपून आला. त्याला पाहताच शिष्येने खोचलेला पदर ओढून डोक्यावरून घेतला. त्याचे टोक गोधडीवर लोळू लागले.

"उद्या पाहुणे येतायत," तो दारातूनच म्हणाला. "चल. पुरे झाला हा खेळ."

"अजून तीन दिवसांचं काम आहे," ती खाली मान घालून म्हणाली.

"ते मला ठाऊक नाही. आज आली नाहीस, तर घराचं दार बंद समज."

हे चालू असताना वृद्धा शेजारी बसून शांतपणे शिवत होती. शिष्येने सुई टोचून ठेवली आणि सवयीने ती उठली. पदर ताणला गेला, डोक्यावरून सरकून खांद्यावर आला, आणि त्याच्यासोबत गोधडीचा कोपराही उचलला गेला. तीन मैत्रिणींच्या सुया जागच्या जागी थांबल्या. वृद्धेने पदराचे टोक गोधडीला शिवून टाकले होते.

"म्हातारीला दिसत नाही वाटतं," व्यापारी पुटपुटला.

"दिसतं, म्हणून तर शिवलं," वृद्धा म्हणाली. मग ती शिष्येकडे वळली. "पोरी, पहिल्या दिवशी तुझ्याकडून झालं ते चुकून. मी आज केलं ते जाणून. हाक आली की तू उठतेस. उठणं इतकं अंगवळणी पडलंय, की आपण उठतोय हेही तुला कळत नाही. म्हणून मध्ये बारा टाके घातले. ते उसवायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तरी स्वतःला विचार, की मला जायचंय का. जायचं असेल तर खुशाल जा, मी रागावणार नाही. पण उसवायचं तुझ्या हातानं."

तिने कात्री पुढे केली.

शिष्या खाली बसली. कात्री हातात घेऊन ती बराच वेळ त्या टाक्यांकडे पाहत राहिली. व्यापाऱ्याला वाटले, आता उसवील. तिने टाक्यांना हात लावला नाही. टाक्यांच्या अलीकडून तिने पदरच कापला. हातभर तुकडा आईच्या लुगड्यांशेजारी गोधडीत राहिला. उरलेला पदर डोक्यावरून घेण्याइतका लांब नव्हता. तो तिने कमरेला घट्ट खोचला.

"अहो," ती म्हणाली, आणि या वेळी तिची मान वर होती, "तीन दिवसांनी येईन. तांदूळ डाव्या हंड्यात आहेत. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, गोधडी शिवायला गेलीय."

मैत्रिणींपैकी एकीने हळूच म्हटले, "भागूबाई गेली गं नदीला वाहून." व्यापारी गाडीत बसला.

आठव्या दिवशी गोधडी पुरी झाली. संध्याकाळी चौघी गावात परतल्या. व्यापाऱ्याने शब्द पाळला होता. दार आतून बंद होते.

शिष्येने एकदाच कडी वाजवली. कुणी आले नाही. तिला रडू आले, ते तिने लपवले नाही. मग डोळे पुसून तिने आपली नवी गोधडी ओट्यावर अंथरली आणि तिच्यावर बसून मैत्रिणींना जवळ बोलावले. आता पाळी एका मैत्रिणीच्या गोधडीची होती. तिने घरून आपल्या जुन्या लुगड्यांचे गाठोडे आणून ती पसरली आणि चौघींनी काठापासून सुरुवात केली. येणारे-जाणारे थबकून पाहू लागले.

काही वेळाने कडी निघाली. दार उघडून व्यापारी उभा होता.

"आत ये," तो म्हणाला.

तिने सुई खाली ठेवली नाही. "एवढी ओळ पुरी करते आणि येते."

ओळ लांब होती. तो उंबऱ्यात उभा राहिला.