उंडीच्या पानाचं शीड

समुद्रावर माणसांची शिडं दिसू लागली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एक खेकडा नारळाच्या झाडावरून गळलेल्या, होडीसारख्या सुक्या पोयीवर उभा राही, नांग्यांत उंडीचं पान शिडासारखं धरी आणि लाटांवरून सरकत जाई. त्याला फार मजा येई. पुढे एक कुरव पक्षी वरून उडत त्याचा वेग मोजू लागला, आणि खेकड्याचे डोळे सतत आकाशाकडे लागले.

एका दुपारी वारा अचानक फिरला. पोय काळ्या खडकांकडे ओढली जाऊ लागली.

"वेग किती झाला रे?" खेकड्याने ओरडून विचारलं.

"कालच्यापेक्षा जरासा कमी! पान ताठ धर!"

त्याने पान आणखी ताठ केलं. खडकावर फुटलेल्या लाटेचे शिंतोडे त्याच्या तोंडावर आले.

"कालचा वेग गाठायला थोडंच राहिलं! आता वळलास, तर सगळ्यांना सांगेन, खेकडा घाबरला!"

नांग्यांतलं पान वाऱ्याने थरथरत होतं. कितीतरी दिवसांत त्याला ते जाणवलंच नव्हतं. त्याने डोळे खाली आणले आणि पान अलगद तिरपं केलं. वारा निसटला, पोय वळली आणि खडकाला घासून मोकळ्या पाण्यात आली.

"पार मंदावलास की!" कुरव ओरडला.

खेकड्याला ते ऐकू गेलं नाही. पोयीखाली एक लाट हळूच फुगत होती, आणि तो तिच्याबरोबर वर चालला होता.