उजवीकडे कलणारी यॉट

घरतशेटची मोटरयॉट मी चालवतो. तिच्या मागे पाण्यात दोन ट्रिम टॅब, म्हणजे खालीवर होणारे पत्रे आहेत. वेगात कललेली यॉट ते सरळ करतात. पुस्तकं वाचून मी त्यांवरचे शिंपले खरवडले. तरीही उजवा टॅब पूर्ण दाबूनसुद्धा यॉट उजवीकडेच, सुकाणूवरच्या माझ्याकडे कलायची.

माझ्याच बाजूला बसलेले शेट पाहुण्यांसमोर गरजले, "टॅबचा काय दोष? हे तुझं पोट! उद्यापासून बारीक माणूस ठेवतो."

मी पोट आत घेतलं. यॉटला फरक पडला नाही.

"शेट, जरा डावीकडे बसता?"

ते बसले. यॉट सरळ झाली.

"आता बारीक माणूस ठेवलात, तर ती तुमच्याकडे कलेल."

सुकाणूवर अजून मीच आहे. पोटही आहे.