बसलेली टेकडी, चालती टेकडी

खूप खूप वर्षांपूर्वी, जिथे मातीपेक्षा वाळूच जास्त होती अशा एका राज्यात, वाळूच्या टेकड्यांचा एक मोजणीदार होता. राजानं त्याला काम नेमून दिलं होतं: टेकड्यांची वर्गवारी कर, म्हणजे कोणत्या गावाला धोका आहे ते कळेल. मोजणीदार भारी चोख माणूस. त्यानं दोर टाकून चारशे टेकड्यांची उंची मोजली आणि तीन वर्ग पाडले: लहान, मध्यम आणि थोर. थोर टेकडीजवळचं गाव हलवायचं, असा नियमही त्यानंच सुचवला. वही इतकी सुबक झाली, की तिच्यात काही चुकलं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. त्याच्या तर नाहीच नाही.

फिरत फिरत तो एका गावी आला. तिथे गोड्या पाण्याची विहीर होती, आणि विहिरीच्या मागेच राज्यातली सगळ्यात उंच टेकडी उभी होती. मोजणीदारानं दोर गुंडाळला आणि हुकूम सुनावला, "वाऱ्याचा महिना सरला की गाव उठवा. पलीकडच्या माळावर वस्ती करा. तिथे चार-पाच लहान टेकड्या आहेत, भिण्यासारखं काही नाही."

गावाचं धाबं दणाणलं. माळावर पाण्याचा थेंब नव्हता. पण राजाच्या वहीपुढे कोण बोलणार? बायका मुकाट्यानं भांडीकुंडी बांधू लागल्या.

शेळ्या राखणारी एक म्हातारी तेवढी त्याच्यासमोर येऊन बसली. "मोजणीदार, उंची मोजलीत ते बरं केलंत. पण तिची ठेवण बघितली का?"

"ठेवण बघून काय करायचंय, आजी?"

"ह्या मोठीला चार हात हायेत, चार दिशांना. हितं वारा चहूकडनं येतो. एकानं ढकललेली वाळू दुसरा माघारी आणतो. ती वाढते, पण जागची हलत नाही. माझ्या आजीनंबी ती हितंच बघितली. आता माळावरच्या धाकट्या बघा. दोन-दोन शिंगं, आणि सगळ्यांची एकाच बाजूला. तिकडं वारा एकच. शिंगं जिकडं, तिकडं त्यांची वाट. एकीमागं एक निघाल्यात, आणि तुम्ही आम्हाला त्यांच्या वाटेत बसवताय."

मोजणीदाराला राग आला. चारशे टेकड्या मोजलेल्या माणसाला शेळ्यांमागे फिरणारी बाई शिकवणार होती. तरी मनात पाल चुकचुकलीच. ती म्हणते ते खरं असेल, तर आपण तीनशे माणसांना आपल्या हातानं वाळूखाली धाडतोय. खोटं असेल आणि आपण तिचं ऐकलं, तरी तेच. त्याला अन्न गोड लागेना.

शेवटी त्यानं दोन काठ्या घेतल्या. एक मोठ्या टेकडीच्या पायथ्याशी रोवली. दुसरी माळावरच्या एका लहान टेकडीच्या शिंगांसमोर, दहा पावलं पुढे रोवली. मग वाऱ्याचा महिना लागला. असं वारं सुटलं, की डोळे उघडायची सोय नव्हती.

वारा पडल्यावर तो आधी मोठ्या टेकडीकडे धावला. काठी जशीच्या तशी उभी होती. मग तो माळावर गेला. तिथे काठी दिसेना. जिथे ती रोवली होती तिथे टेकडीच येऊन बसली होती. बराच वेळ उकरल्यावर कुठे तिचं टोक बोटांना लागलं.

मोजणीदार तिथेच वाळूत बसला आणि एकटाच हसत सुटला. चूक झाली होती, पण गाव अजून हललं नव्हतं. त्याला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. गावात येऊन तो म्हणाला, "भांडी सोडा. कुणी कुठे जायचं नाही." एका बाईनं बांधलेली घागर सोडली, विहिरीवर नेऊन भरली आणि पहिलं पाणी त्यालाच पाजलं.

मग तो राजाकडे गेला. "महाराज, वही चुकली."

"कुठे?"

"पहिल्या पानापासून."

राजा म्हणाला, "गाव बुडण्याआधी सांगितलंस, हे पुष्कळ झालं. पुन्हा लिही."

त्यानं पुन्हा लिहिली. या वेळी वर्ग पाडले ते असे: शिंगांच्या, वाऱ्याबरोबर लांबच लांब पहुडलेल्या आणि अनेक हातांच्या. कोणत्या एकट्या आणि कोणत्या रांगेनं चाललेल्या, तेही टिपलं. त्या वहीमुळे लहानशा टेकड्यांसमोरची दोन बेसावध गावं वेळेवर हलली. तीन वर्षांनी तो माळ वाळूखाली गेला, तेव्हा तिथे एकही घर नव्हतं.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: संकट केवढं दिसतं ते पाहून घाबरू नये, ते कुठे चाललं आहे ते आधी पाहावं.