आकडेयंत्राची खिट्टी

एकदा एका बंदरात एक वृद्ध घड्याळजी राहत होता. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या शिष्येने कित्येक वर्षे खपून पितळी चाकांचे एक आकडेयंत्र घडवले. दांडा फिरवला की चाके बेरीज करीत. एखादे चाक नवावरून शून्यावर आले की शेजारच्या चाकाला एक दात पुढे ढकली. शाळेत आपण बोटावर धरतो तो हातचा इथे पितळ धरत होते! असे काम त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला जमले नव्हते आणि तिला ते ठाऊक होते. का असू नये?

गलबतांचा एक व्यापारी यंत्र पाहायला आला. भरती-ओहोटीच्या कोष्टकात कुणीतरी एक बेरीज चुकवली, म्हणून त्याचे गलबत वाळूवर चढून फुटले होते. धाकटा भाऊ त्यातच गेला. यंत्र पटले तर पुढची सगळी कोष्टके शिष्येकडून होणार होती. नाही पटले तर चाके मोडीत जाणार होती.

दांडा लोण्यासारखा फिरत होता आणि उत्तरे पाटीवर उतरत होती.

"वा! कुठे अडत नाही, काही नाही," व्यापारी म्हणाला.

वृद्ध वाकून आत पाहत होता. "खिट्टी कुठंय गं?"

"काढली, बाबा. सारखी चाकं अडवत होती. पाहुण्यांसमोर शोभा नको."

वृद्धाने मेजावरची ती पोलादी खिट्टी उचलली आणि सर्वांदेखत जागेवर बसवली. पुढच्याच फेऱ्याला खट्ट! यंत्र ठप्प.

जमलेले लोक हसले. "म्हातारबुवा, चांगलं चाललेलं बिघडवलंत की!"

शिष्येचे कान तापले. "बाबा, चारचौघांत नाक कापलंत माझं!"

"वाचवलं. इकडे ये. शेठ, तुम्हीही या."

शतकाचे चाक सात आणि आठ यांच्या मधोमध लटकले होते.

"हातचा अर्ध्या वाटेत राहिला," वृद्ध म्हणाला. "खिट्टी नसती तर यंत्रानं खुशाल सात दाखवला असता. त्या सातावर भरवसा ठेवून नाखवा गलबत घेऊन गेला असता. माणूस चुकताना निदान चाचरतो, डोकं खाजवतो. पितळेला लाज नसते, ती आपण घालावी लागते. शेठ, हिशेब करणारी यंत्रं आणखीही कुणी करील. पण चुकीचं उत्तर द्यायच्या आधी थांबणारं यंत्र हिनं केलंय. खिट्टी हिचीच कल्पना, माझी नव्हे. आणि हिनं नेमकी तीच काढून ठेवली!"

शिष्येने कानस घेतली, दात घासला, चाक सरळ केले.

"मघाची उत्तरं?" व्यापाऱ्याने विचारले.

"पुसून टाका. नव्यानं काढते."

सगळ्या चाकांवर नऊ लावून तिने एक मिळवला. हातचा एका चाकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, शेवटपर्यंत. खिट्टी जागेवर होती आणि कुठेही खट्ट झाले नाही.

"पुन्हा अडलं तर?"

"तर थांबायचं, मला बोलवायचं," ती मान ताठ करून म्हणाली. "माझं यंत्र अडेल, शेठ. खोटं बोलणार नाही."

व्यापाऱ्याने खिट्टीला बोट लावून पाहिले. "पहिलं कोष्टक माझ्याच गलबतासाठी काढ," तो म्हणाला. "त्या गलबतातून मी स्वतः जाणार आहे."

पाहुणे यायच्या आधी आपण काय काय काढून ठेवतो, ते ज्याचे त्याने बघावे.