दयाळाचं शेवटचं पीस

लांब तिकडे, पार आतल्या रानात, एका उंबरावर एक साळुंकी राहायची. तिला वेड एकाच गोष्टीचं, गाण्याचं. त्याच उंबरावर तिघं मिळून गायचे. एक बुलबुल, एक नाचण आणि एक दयाळ. उजाडलं की बुलबुल सूर धरायचा, नाचण त्यात नखरे करायचा, आणि मग दयाळ अशी काही शीळ घालायचा की साळुंकीच्या चोचीतला किडा निसटून चालता व्हायचा. तिला पत्ताच नाही! उपाशी बसायची बया, पण खूष.

तिच्यासारखी वेडी आणखीही होती. त्यांचा जमला थवा. नाव ठेवलं ‘पहाटवाले’. कावळा झाला मुकादम. तुमच्या फोनातल्या ग्रुपात असतो ना एक, कोणाला घ्यायचं नि कोणाला हाकलायचं ठरवणारा? तस्साच. पलीकडच्या डोंगरावरच्या पारव्यांनीसुद्धा नावं घातली. त्यांनी गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. हसू नका, तुमच्यातही आहेत तसले.

एकदा गाणं संपल्यावर साळुंकी डोळे मिटून बसली होती. कावळा आला नि म्हणाला, “काय गं ए, तुझं पीस कुठंय?”

“कसलं पीस, कावळेदादा?”

“गाणाऱ्याचं. ज्याच्याजवळ पीस, तोच खरा पहाटवाला. नवा नेम आहे.”

“पण मी रोज ऐकते की!”

“ऐकतं काय, कोणीपण. ती टिटवी बघ. चार पिसं आहेत तिच्याजवळ.”

“अहो, ती तर गाणं चालू असताना भांडत असते!”

“भांडते म्हणूनच खरी. काल नाचणाला दयाळापेक्षा भारी म्हणणाऱ्यांना टोचून टोचून रक्त काढलं तिनं. तू काय केलंस?”

साळुंकी ओशाळली. उंबराखाली गळून पडलेलं एक पीस शोधलं नि घरट्यात खोचलं. आठवड्यानं कावळा म्हणाला, दोन पाहिजेत. मग तीन. थव्यात तट पडले. दयाळवाले, बुलबुलवाले, नाचणवाले. एक म्हातारा होला चुकून बोलून गेला, “आज दयाळाचा आवाज जरा बसलाय का हो?” झालं! सगळे तुटून पडले त्याच्यावर. एक डोळा गेला बिचाऱ्याचा. साळुंकीचा शेजारीच तो. तिनंही एक टोच मारली. न मारून चालतंय कसं, कावळा बघत होता.

आता गळून पडणारी पिसं ती किती असणार? गाणारे दमून दुपारी झोपत. कोणीतरी हळूच जाऊन एक उपटलं. दुसऱ्यानं बघितलं, त्यानंही उपटलं. जो तो म्हणायचा, “मी एकच तर घेतलं!”

एक दिवस दयाळ धडपडत खालच्या फांदीवर आला. हात जोडल्यासारखे पंख जोडले नि म्हणाला, “बायांनो, बाबांनो, नका रे पिसं घेऊ. मला उडता येईना झालंय.”

“बोलला! आपल्याशी बोलला!” थवा नाचायला लागला.

“आधी माझ्याकडे बघितलं त्यानं!” टिटवी ओरडली.

“तोंड बघ आरशात! माझ्याकडे बघितलं!”

त्यावरून जी मारामारी जुंपली, ती ऊन उतरेपर्यंत. दयाळ काय म्हणाला ते एकट्या साळुंकीच्या कानात शिरलं होतं. पण मारामारी थांबताच कावळ्यानं सांगितलं, “उद्यापासून चार पिसं. नसतील त्यानं उंबर सोडायचा.” साळुंकीजवळ तीनच होती. उंबर सोडला तर गाणं तुटलं, आणि गाणं तुटलं तर तिच्याजवळ राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दबकत गेली. दयाळाच्या एका पंखात एकच मोठं पीस उरलं होतं. तिनं चोचीत धरलं नि ओढलं. दयाळानं अर्धा डोळा उघडला.

“तू?” तो म्हणाला. “तू तर ऐकायचीस ना गं?”

साळुंकी तशीच उडाली. चोचीत पीस होतं.

पुढच्या सकाळी झाडावर रानमांजर चढलं. सगळे भर्रकन उडाले. दयाळानंही उडी घेतली, एका अंगावर कलंडला, गरगरत खाली पडला. मांजर निवांत उतरलं. त्याला घाई नव्हती. बुलबुल आणि नाचण उरल्यासुरल्या पिसांनी, ठेचकाळत, रान सोडून गेले ते गेलेच.

थवा परत जमला. रडतील म्हणता? आधी दोष कोणाचा यावर भांडले. बुलबुलवाले म्हणाले दयाळवाल्यांचा, दयाळवाले म्हणाले त्यांचा. मग कावळ्यानं खाकरून विचारलं, “दयाळाचं शेवटचं पीस कोणाजवळ आहे?”

साळुंकीजवळ होतं.

“हीच! हीच खरी पहाटवाली!” सगळे ओरडले. तिला सगळ्यात वरच्या फांदीवर बसवलं. डोंगरावरचे पारवे दर्शनाला आले. त्यांतला एक म्हणाला, “बाई, आम्ही कधी ऐकली नाही हो ती शीळ. तुम्ही साळुंक्या नकला छान करता. एकदा म्हणून दाखवा ना.”

साळुंकीनं डोळे मिटले. चोच उघडली. आत शोधलं, खूप शोधलं. कितीतरी पहाटा ती गाणं चालू असताना पिसंच मोजत बसली होती. आत दुसरं काही उरलंच नव्हतं. तिच्या चोचीतून आलं, “माझं पीस! माझं पीस! माझं पीस!”

“व्वा!” पारवे मान डोलवायला लागले. “काय गायचा हो दयाळ!”

नि सगळ्यांनी ते पाठ केलं. त्या रानात अजून उजाडताना तेवढंच ऐकू येतं.

तात्पर्य : आपलं प्रेम खरं आहे हे चारचौघांना दाखवायला जो आवडत्याचीच पिसं उपटतो, त्याच्याजवळ शेवटी पिसंच राहतात.