घाटमाथ्यावरची मांडी

“बुवा, हिची मांडी रिकामी का ठेवली असेल, सांगू?”

पुरुषोत्तमाने विचारलं खरं, पण उत्तराची वाट पाहणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पोरगा हुशार. ग्रंथच्या ग्रंथ तोंडपाठ. फक्त घटकाभर गप्प बस म्हटलं तर जमायचं नाही.

घाटमाथ्यावर सकाळचं धुकं होतं. वाट कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं, काही कळत नव्हतं. त्या धुक्यातून ती एकाएकी समोर आली होती. काळ्या दगडाची बाई, माणसाच्या दुप्पट मोठी, जोत्यावर मांडी घालून बसलेली. ना शेंदूर, ना घंटा. डोळे मिटलेले. आणि मांडीत एक खोल, गुळगुळीत खळगा.

पुरुषोत्तम सुरू झाला. हा खळगा म्हणजे शून्य. कारागिराने मूल कोरलं नाही, कारण नातं म्हणजे माया. बाईने सगळं सोडलं, म्हणून तिचा चेहरा एवढा शांत. असं बरंच काही.

त्याचे गुरू ऐकत होते. अंगावर ठिगळांची कफनी, म्हणून लोक त्यांना चिंधीबुवा म्हणत. जुनं नाव त्यांना तरी आठवत होतं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या संगमावर ते पुरुषोत्तमाला दीक्षा देणार होते. एकदा दीक्षा झाली की घरचा उंबरा कायमचा बंद. आपण त्याला तयार आहोत, हे पुरुषोत्तमाला आज दाखवायचं होतं. आतून थोडी भीतीही वाटत होती, पण ती कोण कबूल करतंय?

इतक्यात पठाराकडून दोघं आली. एक बाई आणि तिचा तरणा मुलगा, काखेत गाठोडं घेतलेला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

मुलाने वाकून मूर्तीच्या मांडीवर डोकं ठेवलं. गाल बरोबर त्या खळग्यात बसला.

तशी आईने पाठ फिरवली आणि आल्या वाटेने चालू लागली. धुक्यात तिचं लुगडं जरा वेळ दिसलं. मग दिसेनासं झालं.

बऱ्याच वेळाने मुलाने डोकं उचललं. मागे कोणी नव्हतं. तो डोळे पुसून घाट उतरायला लागला.

पुरुषोत्तमाने त्याला गाठून विचारलं. मुलगा म्हणाला, बंदरावर कामाला चाललोय, आणि ही आमच्याकडची रीत आहे. दूर जाणाऱ्याला आई इथवर आणते, या मांडीत सोपवते आणि आधी स्वतः निघते. मांडी म्हणे पूर्वी सपाट होती. हा खळगा डोकी टेकून टेकून पडलाय.

पुरुषोत्तम परत आला तो ओशाळलेला. पण मान ताठच.

“असली रडारड मी नाही केली, बुवा. आई चुलीपाशी होती. मागच्या दाराने निघालो. वळूनसुद्धा पाहिलं नाही.”

“तिला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तिने सोडलं नसतं.”

“हं...”

चिंधीबुवांनी कमंडलू खाली ठेवला. जोत्याला हात टेकून ते सावकाश वाकले आणि आपलं पांढरं डोकं त्यांनी मूर्तीच्या मांडीत ठेवलं.

पुरुषोत्तम पाहतच राहिला.

धुकं सरकत होतं. कुठेतरी पानांवरून पाणी ठिबकत होतं. मधूनच मूर्तीचा हात हलल्यासारखा वाटे, म्हाताऱ्याच्या केसांवरून फिरल्यासारखा. बुवांचा श्वास संथ झाला होता, झोपलेल्या मुलाचा असतो तसा. पुरुषोत्तमाला आईची आठवण आली. चुलीच्या धुराने लाल झालेले तिचे डोळे आठवले.

किती वेळ गेला कोण जाणे. बुवांनी डोकं उचललं. गाल ओला होता.

“बुवा...” पुरुषोत्तम जवळ आला. “तुम्ही तर सगळं सोडलंत ना? मग हे...?”

बुवांनी अंगावरची कफनी सारखी केली.

“आणि उद्याची दीक्षा?”

चिंधीबुवांनी कमंडलू उचलला. कफनीने गाल पुसला.

“तुझी आई आहे ना रे घरी...” ते म्हणाले. “मला दगडापर्यंत चालत यावं लागतं.”