निळी बोटं

नदीकाठच्या एका गावात सुभानजी नावाचा चितारी राहत होता. चित्रं त्याची, पण रंग त्याच्या बायकोचे. गोजरा दिवसभर खलात रंगाचे खडे कुटायची, त्यांत डिंकाचं पाणी घालून घोटायची. निळा रंग तर तिच्या बोटांवरून कधी गेलाच नाही.

एकदा राणीचा निरोप आला. "माझ्या महालासाठी विसावा घेणाऱ्या बाईचं चित्र काढ. मनास आलं तर तू दरबाराचा चितारी."

सुभानजीने मोठी फळी घेतली आणि तो कामाला लागला. पण या वेळी त्याने चित्रावर कापड टाकलं आणि पुरं होईपर्यंत बघायचं नाही असं गोजराला बजावलं. असं सांगितल्यावर कोण थांबतं? तो बाहेर पडताच तिने कापडाचं वरचं टोक उचललं.

लख्ख सारवलेलं माजघर, आणि खांबाला डोकं टेकून डोळे मिटलेली एक बाई. चेहऱ्यात अजून रंग नव्हता, नुसत्या रेघा होत्या. पण त्या इतक्या मायेने ओढलेल्या होत्या की गोजराच्या अंगाचा तिळपापड झाला. 'मी इथे हाडं झिजवते आणि ही सटवी निवांत टेकलीय!' उरलेलं चित्र बघायला ती थांबलीच नाही.

संध्याकाळी सुभानजी म्हणाला, "अगं, चेहऱ्यापुरता रंग घोटून दे."

तिने दिला. फक्त डिंक घातला नाही. डिंकावाचून रंग पिठासारखा झडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुभानजीने रंग तपासला नाही. तिच्या हातचा रंग त्याने कधी तपासलाच नव्हता.

दोघांनी कापडाने झाकलेली फळी दोन बाजूंनी धरून चित्र महालात नेलं. सुभानजीने कापड काढलं आणि राणी खूश झाली. तिने कौतुकाने चित्रातल्या गालावरून बोट फिरवलं आणि सगळा चेहरा झडून खाली पडला. सुभानजी पांढराफटक पडला. गोजराला मात्र बरं वाटलं, अगदी गार वाटलं.

मग तिची नजर खाली गेली. चित्रातल्या बाईचा हात मांडीवर पडला होता. त्याची बोटं निळी होती.

"कोण होती ही?" राणीने विचारलं.

"माझी घरधनीण, राणीसाहेब. रंग घोटता घोटता एकदा तिचा डोळा लागला होता. तेवढंच तिला निवांत पाहिलं मी."

"मग चेहरा पुन्हा काढ."

"ती पुन्हा तशी निजली, तर काढीन."

गोजराने हात पदराखाली घेतले. त्यानंतर तिला तशी झोप कधीच लागली नाही, आणि फळी तशीच बिनचेहऱ्याची राहिली.

तात्पर्य: मत्सराने पेटलेल्या माणसाला स्वतःवरची मायाही ओळखू येत नाही; दुसऱ्याचं समजून तो आपलंच सुख पुसून टाकतो.